मराठी मार्कडाउन लेखांचे स्वच्छ एचटीएमएल कसे करावे

आपला प्रश्न असा आहे: वाचनालयाच्या संग्रहातील सुमारे दीडशे मराठी लेख आपण मार्कडाउनमध्ये, म्हणजे तारका, हॅश (#) अशा साध्या खुणांनी ठळक शब्द आणि शीर्षके दाखवणाऱ्या पद्धतीत, टाइप करून ठेवले आहेत आणि त्यांचे वेबपानांसाठी साधे, नीटनेटके एचटीएमएल हवे आहे. आधी आपण शोधा-आणि-बदला पद्धतीची एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली, ती याद्यांपाशी अडली. मग तयार साधन वापरले, तेव्हा काही ठिकाणी ठळक शब्दांभोवतीच्या तारका तशाच राहिल्या, काही परिच्छेद कोडसारखे चौकटीत गेले, अंकांच्या याद्या एका ओळीत गोळा झाल्या आणि शीर्षकांना निरर्थक आयडी (दुवा देण्यासाठीची ओळखनावे) मिळाले. या चारही गोष्टींना कारणे आहेत. त्यांतील बहुतेक कारणे मराठी लेखनाच्या सवयी आणि मार्कडाउनचे नियम जिथे एकमेकांना भेटतात तिथली आहेत, म्हणून मी उत्तराचा मोठा भाग तिथेच खर्च करणार आहे.

आधी स्क्रिप्टबद्दल. मार्कडाउनचे रूपांतर म्हणजे तारकांच्या जागी टॅग (एचटीएमएलच्या खुणा) घालणे असे प्रथमदर्शनी वाटते आणि मूळ साधनही काहीसे तसेच होते. जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन प्रसिद्ध केले तेव्हा त्यासोबत दिलेली पर्लमधील स्क्रिप्ट रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातील नमुने शोधणारी सूत्रे, वापरून एकामागून एक बदल करीत जाई. एकदा तयार झालेला एचटीएमएलचा तुकडा पुढच्या बदलात बिघडू नये म्हणून ती त्याच्या जागी एमडी-फाइव्ह या गणिती पद्धतीने काढलेली खूण ठेवी आणि शेवटी त्या खुणांच्या जागी तुकडे परत बसवी. ही युक्ती चालली, पण यादीत यादी, यादीत उद्धरण, उद्धरणात कोड अशी रचना आली की निकाल नियमांवर नव्हे तर बदलांच्या क्रमावर अवलंबून राहू लागला. पुढे प्रत्येकाने आपापली आवृत्ती लिहिली आणि एकाच फाइलीचे दहा साधनांत दहा निकाल येऊ लागले. २०१४ मध्ये जॉन मॅकफार्लेन, जेफ ॲटवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉमनमार्क हे काटेकोर विनिर्देशन पुढे आणले ते याच कारणाने. त्यात सहाशेहून अधिक उदाहरणे आहेत आणि प्रत्येक उदाहरणापुढे अपेक्षित एचटीएमएल दिलेले आहे, त्यामुळे एखादे साधन नियमाप्रमाणे चालते की नाही हे तपासता येते.

कॉमनमार्कप्रमाणे चालणारे साधन मजकूर दोन फेऱ्यांत वाचते. पहिल्या फेरीत ते फक्त ओळींच्या सुरुवाती पाहते आणि परिच्छेद कुठे संपला, यादी कुठे सुरू झाली, कोणती ओळ उद्धरणात आहे हे ठरवून मजकुराचे खंड पाडते. तारका, दुवे, चित्रे यांच्याकडे ते दुसऱ्या फेरीत, प्रत्येक खंडाच्या आत जाऊन वळते. म्हणून कोडमधील तारका ठळक होत नाहीत आणि एका परिच्छेदात न मिटवलेली तारका पुढच्या परिच्छेदाला बाधत नाही. आपल्या स्क्रिप्टमध्ये ही दोन कामे एकत्र झाली होती, ती याद्यांपाशी अडली ती यामुळेच. ती दुरुस्त करीत बसू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

साधन निवडताना आधी मार्कडाउनची बोली, म्हणजे नियमांची आवृत्ती, निवडावी. आपल्या लेखांत परिच्छेद, शीर्षके, याद्या, उद्धरणे आणि दुवे एवढेच असेल तर कॉमनमार्क पुरेसे आहे आणि त्याचे सी भाषेतील सीमार्क हे साधन मी प्रथम सुचवीन. कारण साधे आहे: ते स्वतःहून आयडी घालत नाही, स्टाइल घालत नाही, कोणताही अनावश्यक वेढा घालत नाही. परिच्छेदाला पी, ठळकाला स्ट्राँग, यादीला यूएल किंवा ओएल, एवढेच मिळते. तक्ते असतील तर त्याचीच गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने वाढवलेली आवृत्ती घ्यावी. तळटीपा असतील, किंवा लेख वर्डच्या फाइलींतून आणायचे असतील, तर मॅकफार्लेन यांचेच पॅनडॉक घ्यावे. पॅनडॉक अत्यंत समर्थ आहे, पण त्याची स्वतःची मार्कडाउन बोली मोठी आहे आणि एचटीएमएलमधील जादा गर्दी बहुधा तिथूनच येते. त्यातील प्रत्येक जादा सोय स्वरूपाच्या नावापुढे वजा चिन्ह लावून बंद करता येते. स्वयंचलित आयडी बंद करावेत, ओळी मोडणे बंद करावे आणि ओळीच्या लांबीची मर्यादा खूप मोठी ठेवावी. मर्यादा लहान असली आणि तक्त्यातील एखादी ओळ तिच्यापेक्षा लांब निघाली की पॅनडॉक प्रत्येक स्तंभाला टक्केवारीत रुंदी देते आणि ती स्टाइल म्हणून एचटीएमएलमध्ये उतरते. मराठी तक्त्यांत अशा लांब ओळी सर्रास असतात.

आता न सुटलेल्या तारकांकडे वळू, कारण हा दोष मराठीत इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त वेळा दिसतो. आपल्या लेखांपैकी एकात बहुधा अशी ओळ असेल:

**‘ओवी’**चा उगम जात्यावरच्या गाण्यात आहे.

मिटवणारी, म्हणजे ठळक भाग संपवणारी, तारकांची जोडी खरोखर मिटवणारी आहे की नाही हे कॉमनमार्क तिच्या दोन्ही बाजूंचे अक्षर पाहून ठरवते. जोडीच्या आधी विरामचिन्ह असेल आणि नंतर लगेच अक्षर असेल, तर ती मिटवणारी मानली जात नाही. इंग्रजीत अवतरणचिन्हानंतर सहसा मोकळी जागा येते, म्हणून अडचण पडत नाही. मराठीत विभक्तीचा प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे अवतरणचिन्ह, मग तारका, मग लगेच ‘चा’ अशी जुळणी होते आणि चारही तारका वाचकाला दिसत राहतात. कंसाचेही तसेच: **(अ)**मध्ये असे लिहिले की तेच घडते. उपाय सोपा आहे. तारका विरामचिन्हाच्या आत घ्याव्यात, म्हणजे ‘**ओवी**’चा आणि (**अ**)मध्ये. आता मिटवणाऱ्या जोडीच्या आधी अक्षर किंवा मात्रा येते आणि नियम समाधानी होतो. सर्व फाइलींत विरामचिन्ह, तारका आणि लगेच देवनागरी अक्षर हा क्रम शोधला की अशा जागा हाती लागतात. त्या हाताने दुरुस्त कराव्यात, कारण त्या फारशा नसतात आणि प्रत्येक ठिकाणी अवतरण ठळक हवे की फक्त शब्द हे लेख वाचूनच कळते.

तिरप्या अक्षरांसाठी काही जण तारकेऐवजी अंडरस्कोर (_) वापरतात. मराठीत तो टाळावा. शब्दाच्या मधला अंडरस्कोर कॉमनमार्क खूण मानत नाही, हे फाइलींच्या नावांसाठी योग्यच आहे. पण _ओवी_चा असे लिहिले की दुसरा अंडरस्कोर शब्दाच्या मध्ये पडतो आणि तिरपे काही होत नाही. तारकेला हे बंधन नाही.

चौकटीत गेलेल्या परिच्छेदांचे कारण आपल्या शालेय सवयीत आहे. परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत घेऊन लिहायची हे आपल्याला निबंधाच्या वहीपासून शिकवलेले असते आणि टाइप करताना हात आपोआप टॅब किंवा चार मोकळ्या जागा देतो. मार्कडाउनमध्ये मोकळ्या ओळीनंतर चार जागा सोडून आलेली ओळ म्हणजे कोड. परिच्छेद एकाच लांब ओळीत टाइप केलेला असेल तर तो सगळाच्या सगळा प्री या कोडसाठीच्या टॅगमध्ये जातो, त्यातील ओळी वळत नाहीत आणि मोबाइलवर वाचकाला तो बोटाने आडवा सरकवत वाचावा लागतो. परिच्छेद टाइप करताना ओळी तोडलेल्या असतील तर फक्त पहिली ओळ कोड होते आणि उरलेला परिच्छेद खाली वेगळा पडतो, वाक्य मध्येच तुटते. लेखांत कोड मुळीच नसेल तर ओळींच्या सुरुवातीच्या जागा काढून टाकणे सुरक्षित आहे, मात्र आधी यादीच्या आतल्या ओळी वेगळ्या ठेवाव्यात, कारण तिथे आत सरकवलेली ओळ म्हणजे उपयादी असते. परिच्छेदाची पहिली ओळ आत दिसावी अशी आवड असेल तर ते काम पानाचे दिसणे ठरवणाऱ्या सीएसएसचे आहे.

कविता, अभंग आणि ओव्या यांना इथेच जोडून घेतो. साध्या परिच्छेदातील ओळीचा शेवट एचटीएमएलमध्ये मोकळ्या जागेइतकाच असतो, म्हणून चार चरण एका रांगेत येतात. ओळ तोडण्यासाठी ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा किंवा उलटी तिरकी रेघ (\) द्यावी लागते. मी नेहमी उलटी रेघ देतो, कारण ओळीच्या शेवटच्या जागा डोळ्यांना दिसत नाहीत आणि अनेक संपादक फाइल जतन करताना त्या मुकाट्याने पुसून टाकतात. एकदा ओव्यांचे बारा लेख तपासून दिल्यावर तिसऱ्या दिवशी सगळे चरण पुन्हा एका रांगेत आलेले मी पाहिले आहेत, आणि कारण हेच निघाले.

अंकांच्या यादीचा प्रश्न देवनागरी अंकांमुळे आला आहे. कॉमनमार्क यादी ओळखण्यासाठी फक्त 0 ते 9 हे अंक मानते, त्यामुळे

१. रवा
२. तूप
३. गूळ

या तीन ओळी त्याच्या दृष्टीने एकाच परिच्छेदाच्या तीन ओळी आहेत आणि त्या ‘१. रवा २. तूप ३. गूळ’ अशा सलग दिसतात. मूळ फाइलीत 1. 2. 3. लिहावे आणि पानावर देवनागरी अंक दिसण्यासाठी सीएसएसमध्ये यादीच्या चिन्हाचा प्रकार ‘देवनागरी’ असा द्यावा. हा प्रकार ब्राउझरांना ठाऊक आहे, वेगळे काही जोडावे लागत नाही. यामुळे यादी खरी यादी राहते, म्हणजे दृष्टिहीन वाचकाचे स्क्रीन रीडर ‘तीन नोंदींची यादी’ असे सांगू शकते. याच्या उलटही एक चूक होते. एखादा परिच्छेद ‘1960. याच वर्षी’ अशा तऱ्हेने सुरू झाला तर साल यादीचा क्रमांक समजले जाते. तिथे सालानंतरच्या पूर्णविरामाआधी उलटी रेघ द्यावी. देवनागरी अंकांत साल लिहिलेले असेल तर हा धोका नाही.

यादीच्या नोंदींमध्ये मोकळी ओळ सोडली की प्रत्येक नोंदीच्या आत परिच्छेदाचा टॅग येतो आणि यादी विरळ दिसते. एकाच लेखात काही याद्या घट्ट आणि काही विरळ दिसत असतील तर कारण बहुधा हेच असते. संवाद लिहिताना ओळीच्या सुरुवातीला साधी रेघ आणि मोकळी जागा दिली असेल तर संवादाचीही यादी होते, तिथे लांब रेघ वापरावी. आणि परिच्छेद संपल्यावर लगेच खालच्या ओळीत तीन रेघा दिल्या असतील तर वरचा संपूर्ण परिच्छेद दुसऱ्या पातळीचे शीर्षक होतो. प्रकरण तोडणाऱ्या तीन रेघांच्या आधी मोकळी ओळ सोडणे एवढाच त्याला उपाय.

शीर्षकांत दोन अडथळे आहेत. हॅशनंतर मोकळी जागा लागते. जुन्या साधनांत ती नसली तरी चाले, म्हणून जुन्या फाइलींत ती नसते. आणि कधी ती जागा असूनही शीर्षक होत नाही, कारण वर्डमधून किंवा संकेतस्थळावरून चिकटवताना ती न तुटणारी मोकळी जागा असते. दिसायला दोन्ही सारख्या, पण कॉमनमार्कला साधी जागाच लागते.

आयडीचा गोंधळ जरा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. पायथन-मार्कडाउन या लोकप्रिय साधनातील अनुक्रमणिकेची जोडणी मूळ स्थितीत शीर्षकातून फक्त रोमन अक्षरे आणि अंक ठेवते. मराठी शीर्षकातून काहीच उरत नाही, म्हणून आयडी अंडरस्कोर एक, अंडरस्कोर दोन असे क्रमाने पडतात, आणि लेखाच्या मध्ये एक नवे शीर्षक घातले की खालचे सगळे दुवे एकेक घर सरकतात. युनिकोड, म्हणजे देवनागरीसह सर्व लिप्यांची अक्षरे, ठेवणारा पर्याय निवडला तर अक्षरे राहतात पण मात्रा जातात, कारण पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘शब्दातील अक्षर’ या वर्गात मात्रा आणि हलन्त मोडत नाहीत. ‘पाणीपुरवठा’चा आयडी ‘पणपरवठ’ होतो. माझा सल्ला असा की स्वयंचलित आयडी बंदच ठेवावेत आणि ज्या मोजक्या शीर्षकांकडे बाहेरून दुवा द्यायचा आहे त्यांना रोमन अक्षरांतील छोटा आयडी हाताने द्यावा.

मात्रांचा विषय निघाला म्हणून माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, ती आपल्या हातून होऊ नये. वर्डमधून आलेल्या फाइली स्वच्छ करताना मी सर्व अदृश्य अक्षरे एका फटक्यात काढून टाकणारी आज्ञा चालवली. त्या अदृश्य अक्षरांत शून्य रुंदीचे जोडचिन्हही होते, आणि जुन्या पद्धतीने टाइप केलेल्या मराठीत ‘दुसर्‍या’मधील आडवा अर्धा र त्याच चिन्हावर उभा असतो. ते गेले आणि ‘दुसर्या’, ‘वर्हाड’, ‘सुर्या’ असे शब्द साऱ्या लेखांत पसरले. ‘सुर्या’ हे चाकू की सूर्य, हे वाक्य वाचल्याशिवाय कळत नव्हते. मूळ फाइलींची प्रत होती म्हणून निभावले. आता मी आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह या तिकडीच्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त घालतो, म्हणजे ‘दुसऱ्या’ अदृश्य चिन्हाविना नीट दिसतो, आणि त्यानंतरच सफाईला हात लावतो. त्याच वेळी ‘ॲ’ हे अक्षर एकाच पद्धतीने लिहिले गेले आहे ना हेही पाहतो. ते एका सांकेतिक क्रमांकानेही येते आणि अ अधिक चंद्र अशा दोन क्रमांकांनीही येते. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एकाला दुसरे सापडत नाही आणि युनिकोडचे सर्वसाधारण सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एक करण्याची पद्धत) हे दोन एक करीत नाही.

यानंतर पानाचा सांगाडा. रूपांतर करणाऱ्या साधनाकडून पूर्ण पान घेऊ नये, फक्त लेखाचा तुकडा घ्यावा आणि तो आपल्या साच्यात बसवावा. साचा दहा-बारा ओळींचा पुरतो: डॉकटाइप, एचटीएमएल टॅगवर भाषा ‘एमआर’, हेडमध्ये सर्वांत आधी यूटीएफ-८ या अक्षरसंकेताची नोंद, व्ह्यूपोर्ट (पडद्याच्या रुंदीची सूचना), शीर्षक, सीएसएसची एक फाइल आणि बॉडीमध्ये मेन व आर्टिकल हे टॅग. यूटीएफ-८ची नोंद पहिल्या १०२४ बाइटांच्या आत असावी लागते आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते, म्हणून लांबलचक मराठी वर्णन तिच्या आधी ठेवू नये. भाषेची नोंद अनेक जण वगळतात. स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडायला ती लागतेच, शिवाय काही युनिकोड फॉन्टांत मराठी वळणाचा ल आणि श ही नोंद असेल तरच उमटतो, नाहीतर हिंदी वळणाची अक्षरे दिसतात. लेखाचे नाव साच्यातून पहिल्या पातळीवर येत असेल तर लेखातील सर्व शीर्षके एक पातळी खाली उतरवावीत. पॅनडॉकमध्ये त्यासाठी पर्याय आहे.

तिरप्या अक्षरांबद्दल एक सूचना. देवनागरीत तिरपे वळण परंपरेत नाही आणि बहुतेक फॉन्टांत ते नसतेही, ब्राउझर उभे अक्षर नुसते कलते करून दाखवतो आणि शिरोरेषा व वेलांट्या विद्रूप होतात. एचटीएमएलमध्ये ईएम टॅग तसाच राहू द्यावा, कारण तो अर्थाचा जोर सांगतो. सीएसएसमध्ये मात्र मराठीसाठी तो सरळ ठेवून किंचित जाड किंवा वेगळ्या रंगात दाखवावा.

आपले लेख आपणच टाइप केलेले आहेत, म्हणून सुरक्षिततेचा प्रश्न लहान आहे. पुढे वाचकांकडून मार्कडाउन घेणार असाल तर लक्षात ठेवावे की मार्कडाउनमध्ये कच्चे एचटीएमएल मुळातच चालते. सीमार्क ते मूळ स्थितीत गाळते आणि ती सेटिंग तशीच ठेवावी. इतर साधनांत गाळणी लावायची तर ती रूपांतरानंतर तयार एचटीएमएलवर लावावी, आधी मार्कडाउनवर लावू नये, कारण धोकादायक दुवा रूपांतरानंतरच दुवा म्हणून जन्माला येतो.

तपासणीसाठी मी दोन गोष्टी करतो. पहिली अशी: मूळ फाइलीतून फक्त देवनागरी अक्षरे, मात्रा आणि चिन्हे काढून एक सलग माळ करायची, टॅग काढलेल्या एचटीएमएलमधून तशीच दुसरी माळ करायची आणि दोन्ही जुळतात का पाहायचे. चित्रांचे पर्यायी वर्णन ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगच्या आतल्या नोंदीत) जाते, तेवढाच फरक अपेक्षित आहे. बाकी एकही मात्रा कमी-जास्त निघाली तर मजकूर गळाला किंवा दुणावला आहे. दुसरी अशी: तयार एचटीएमएलमध्ये उरलेल्या दुहेरी तारका, कोड नसलेल्या लेखातील प्री टॅग, एकापेक्षा जास्त पहिल्या पातळीची शीर्षके आणि पंधरा शब्दांहून लांब दुसऱ्या पातळीची शीर्षके शोधायची. शेवटच्या शोधात तीन रेघांमुळे शीर्षक बनलेले परिच्छेद लगेच सापडतात.

या शोधांत जे सापडेल ते मार्कडाउनच्या फाइलीत दुरुस्त करावे आणि रूपांतर पुन्हा चालवावे. तयार एचटीएमएलमध्ये हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या रूपांतरात पुसली जाते. दीडशे लेखांना एकदम हात लावण्याआधी दहा निवडावेत: दोन ओव्यांचे, दोन पाककृतींचे, एक तक्त्याचा, एक संवादांचा, एक तळटीपांचा आणि तीन सर्वांत जुन्या फाइली. हे दहा निर्दोष निघाले की त्यांचे मार्कडाउन आणि एचटीएमएल एका वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवावे, आणि साधनाची आवृत्ती किंवा एखादी सेटिंग बदलाल तेव्हा त्या दहांचे रूपांतर पुन्हा करून जपलेल्या एचटीएमएलशी ताडून पाहावे.